चुंबकाची प्रदक्षिणा आणि तिचा क्षय

भारतीय दर्शनकारांनी आपापल्या मतांच्या पुष्ट्यर्थ जे दृष्टांत वारंवार साक्षीला बोलावले, त्यांत रज्जु-सर्प, मृत्तिका-घट आणि शुक्ति-रजत यांच्या पंक्तीला अयस्कांत, म्हणजे आपला लोहचुंबक, बसवावयास हरकत नाही. सुई चुंबकाकडे सरकते ती कोणी ढकलल्याने नव्हे आणि कोणी ओढल्यानेही नव्हे. पण जिचे कारण दिसत नाही तिला कारणच नाही असे म्हणणे वैशेषिकांच्या शिस्तीत बसणारे नसल्यामुळे कणादांनी त्या गतीचे कारण ‘अदृष्ट’ म्हणून नोंदवून ठेवले. सांख्यांचा म्हणून ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात जो पूर्वपक्ष येतो, त्यात हाच चुंबक निराळ्या कामाला लावला आहे: स्वतः न हलता तो जसा लोखंडाला हलवतो, तसा पुरुष स्वतः अकर्ता राहून केवळ सान्निध्याने प्रकृतीला प्रवृत्त करतो. शंकराचार्यांनी त्यावर जो आक्षेप घेतला तो मोठा मार्मिक आहे. पुरुषाचे सान्निध्य नित्य असेल तर प्रवृत्तीही नित्यच झाली पाहिजे, तिला उपरम म्हणून कधी मिळणारच नाही. चुंबकाचे सान्निध्य मात्र अनित्य असते, शिवाय त्याला परिमार्जनादिकांची, म्हणजे घासूनपुसून नीट ठेवण्याची, अपेक्षा असते. तेव्हा केवळ जवळ असणे हे कशाचेच पुरेसे कारण होऊ शकत नाही.

या जुन्या वादात कोणी आधुनिक पदार्थविज्ञान शोधू लागला तर त्याला माझा पाठिंबा मिळणार नाही. आपल्या सूत्रग्रंथांतून विमाने आणि विद्युत्यंत्रे उकरून काढण्याची जी एक हौस आपल्याकडे बळावली आहे, तिने ना सूत्रांचा सन्मान होतो ना विज्ञानाचा. परंतु प्रश्न विचारण्याची रीत काही कालबाह्य होत नाही. सान्निध्य पुरेसे आहे काय, आणि गतीला उपरम कोठून मिळतो, हे दोन प्रश्न सुईकडून काढून घेऊन खुद्द चुंबकाच्या अंतरंगाला विचारले, तर गेल्या शतकातील विज्ञानाने त्यांची जी उत्तरे हळूहळू जुळवली ती दार्शनिकालाही विचारात पाडतील अशी आहेत.

लोखंड, कोबाल्ट, निकेल या धातूंचे चुंबकत्व मुख्यतः त्यांतील इलेक्ट्रॉनांच्या ‘स्पिन’मुळे, म्हणजे अंगभूत कोनीय संवेगामुळे, उत्पन्न होते. असंख्य इलेक्ट्रॉनांचे स्पिन एका दिशेने उभे राहिले की त्यांच्या एकत्रित परिणामाला चुंबकन म्हणतात. आता अशा चुंबकनावर बाहेरून तिरके चुंबकीय क्षेत्र लावले, तर आपली सामान्य समजूत अशी की ते निमूटपणे क्षेत्राच्या दिशेला वळेल. प्रत्यक्षात नियम तसा नाही. चुंबकनाबरोबर कोनीय संवेग निगडित असल्यामुळे क्षेत्राचे परिबल त्याला क्षेत्राकडे न ओढता आडव्या दिशेने रेटते, आणि परिणामी ते क्षेत्राभोवती कायम तेवढ्याच अंतरावरून फिरत राहते, जसा एखादा भाविक गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणा घालीत राहावा आणि देवाच्या समोर मात्र कधीच येऊ नये. या फिरण्याला शास्त्रात परांचन म्हणतात, आणि त्याचा वेग एक टेस्ला क्षेत्रात सेकंदाला सुमारे २८ अब्ज फेऱ्या इतका असतो. क्षेत्राचे सान्निध्य पूर्ण आहे, त्याचा अंमल अखंड आहे, आणि तरीही केवळ त्या अंमलाच्या बळावर चुंबकन क्षेत्राच्या दिशेला युगानुयुगे पोहोचणार नाही. शुद्ध सान्निध्यातून केवळ परिभ्रमण निष्पन्न होते. समर्पण निष्पन्न होत नाही.

अनुभव मात्र असा की धातूचे चुंबकन क्षेत्राला शरण जाते, आणि तेही फार लवकर. पर्मॅलॉय नावाच्या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचा पातळ थर घेतला, तर साध्या वर्तुळाकार परांचनात वीसेक फेऱ्यांतच प्रदक्षिणेचे वर्तुळ आकसून एकतृतीयांशाच्या आसपास येते; फेऱ्या सेकंदाला दहा अब्ज असतील तर या सगळ्याला नॅनोसेकंदाच्या दुपटीएवढाच काळ लागतो. म्हणजे गतीची ऊर्जा कोठेतरी जात असली पाहिजे. लेव्ह लांदाऊ आणि येव्हगेनी लिफ्शित्झ यांनी १९३५ मध्ये परांचनाच्या समीकरणाला एक जादा पद जोडून हा क्षय नोंदवला. अमेरिकेत टॉमस गिल्बर्ट याने १९५५ मध्ये ते पद निराळ्या रूपात मांडले, कारण पहिल्या रूपात घर्षण वाढवत नेले तर चुंबकन अधिकाधिक वेगाने वळू लागते, आणि जेथे विरोध वाढेल तेथे गती मंदावावी ही साधी अपेक्षाच मोडते. गिल्बर्टने विरोध हा गतीच्याच प्रमाणात मानला, आणि त्या प्रमाणाचा जो अंक तो आल्फा या ग्रीक अक्षराने दाखवला जातो. पर्मॅलॉयमध्ये तो सुमारे ०.००८ आहे, शुद्ध लोखंडात ०.००२ च्या आसपास, निकेलमध्ये त्याहून पुष्कळ अधिक. आणि विद्युत्प्रवाह मुळीच न वाहू देणाऱ्या यट्रियम-लोह-गार्नेट या स्फटिकात तो एक दशसहस्रांशाहूनही खाली उतरतो.

आता हा आल्फा म्हणजे काय? त्यात क्षय किती होतो एवढेच सांगितले आहे. का होतो याविषयी तो मौन आहे. या अर्थाने तो कणादांच्या अदृष्टाचाच वंशज ठरावा, कारण दोन्हीकडे न कळलेल्या कारणाला एक स्थान राखून ठेवलेले आहे. परंतु वंशजाने पूर्वजाच्या पुढे एक पाऊल निश्चित टाकले आहे: आल्फा मोजता येतो, आणि जे मोजता येते ते तपमान बदलले, धातू बदलला, शेजार बदलला म्हणजे कसे बदलते याची उलटतपासणी करता येते. अज्ञानाला नाव देण्यात कमीपणा नाही. त्या नावावरून पुढे तपास सोडून देण्यात आहे.

तपासाचा पहिला धागा ऊर्जेहून कोनीय संवेगाचा धरावा, कारण तो अधिक हट्टी आहे. ऊर्जा रूपे बदलून लपते. कोनीय संवेग असा सहज लपत नाही. १९१५ साली बर्लिनमध्ये आइनस्टाइन आणि द हास यांनी लोखंडाची एक बारीक कांडी तंतूला टांगून वेटोळ्याच्या पोकळीत सोडली, वेटोळ्यातील प्रवाह उलटसुलट करून कांडीचे चुंबकन उलटसुलट केले, आणि तंतूला चिकटवलेल्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाश पाहिला. कांडी स्वतःच्या अक्षाभोवती पीळ खात होती. म्हणजे आतील चुंबकनाने दिशा बदलताना जो कोनीय संवेग टाकला, तो सगळ्या कांडीने, तिच्या अणूंच्या जालकाने, उचलला. (दोघांनी काढलेले गुणोत्तर त्यांच्या पूर्वकल्पनेशी छान जुळले, पुढे इतरांनी मोजले तेव्हा खरे मूल्य जवळजवळ दुप्पट निघाले. अपेक्षा डोळ्यांवर कशी बसते याचे हे उदाहरण मोठ्या माणसांचे म्हणूनच लक्षात ठेवण्यासारखे आहे.) चुंबकन आणि जालक यांच्यात देवघेव होते याबद्दल मग शंका उरली नाही. ती कोणाच्या हातून होते, हा प्रश्न राहिला.

धातूंमध्ये त्याचे उत्तर एकेरी नाही. काही ऊर्जा धातूच्या अंगात उत्पन्न होणाऱ्या आवर्त प्रवाहांतून जाते. जाड पत्र्यात हा मार्ग रुंद, काही नॅनोमीटरांच्या थरात तो नगण्य. काही ऊर्जा चुंबकाच्या बाहेर न जाताच हरवल्यासारखी होते: सर्व स्पिन एका तालात फिरत असताना पृष्ठभागावरील खडबडीतपणामुळे किंवा स्फटिकातील दोषांमुळे तो ताल फुटतो आणि त्याच ऊर्जेच्या आखूड लहरींमध्ये वाटला जातो. हा प्रकार तत्त्वविचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, म्हणून त्याकडे पुन्हा यावे लागेल. परंतु पत्रा कितीही पातळ केला आणि स्फटिक कितीही निर्दोष केला तरी जो क्षय उरतोच, त्याचे कारण प्राग येथील व्लादिमीर काम्बेर्स्की याने १९७० मध्ये दाखवले, आणि माझ्या समजुतीप्रमाणे या विषयातील सर्वांत सुंदर विचार तोच आहे.

इलेक्ट्रॉनाचा स्पिन आणि त्याचे कक्षेतील भ्रमण यांच्यात एक सूक्ष्म युग्मन असते. त्यामुळे चुंबकनाची दिशा बदलली की धातूतील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या किंचित वरखाली होतात. धातूत भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांच्या मध्ये एक सीमा असते, तिला फर्मी पृष्ठ म्हणतात. चुंबकन फिरू लागले की हे पृष्ठ श्वास घेतल्याप्रमाणे आकार बदलते: काही भरलेल्या पातळ्या सीमेच्या वर येतात, काही रिकाम्या खाली जातात. न्यायाने वरच्यांनी तत्क्षणी जागा सोडावी आणि खालच्यांनी भरून यावे. पण इलेक्ट्रॉनांची फेरवाटणी टकरींवाचून होत नाही, आणि टकरी होण्याला मुदत लागते. तोवर चुंबकन पुढे गेलेले असते. इलेक्ट्रॉन नेहमी किंचित मागे राहतात, चुंबकन नेहमी किंचित अशा व्यवस्थेत फिरते जी त्याच्या मागील क्षणाला योग्य होती, आणि या मागेपणातच ऊर्जा झिरपून उष्णता होते.

यातून जो निष्कर्ष निघतो तो आपल्या नित्याच्या समजुतीला धक्का देणारा आहे. आपण असे धरून चालतो की अशुद्धता, दोष, टकरी यांनी क्षय होतो आणि पदार्थ निर्मळ व शीत केला म्हणजे तो थांबतो. धातूच्या विद्युत्रोधाच्या बाबतीत ते खरेही आहे. येथे मात्र टकरी जितक्या विरळ, तितकी फेरवाटणीची मुदत लांब, तितका मागेपणा अधिक, आणि म्हणून क्षयही अधिक. भगत आणि लुबित्झ यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनांत निकेल थंड करीत नेले असता त्याचे अवमंदन, म्हणजे हाच क्षय, कित्येक पटींनी वाढलेले आढळते. कोबाल्टमध्ये गंमत याहून मोठी आहे: तपमान उतरवावे तसे अवमंदन आधी कमी होते, एका मधल्या ठिकाणी किमान गाठते, आणि मग पुन्हा चढते, कारण अधिक तपमानाला दुसरीच एक प्रक्रिया, जीत टकरींमुळे पातळ्यांच्या कडा पुसट होऊन इलेक्ट्रॉन एका पट्टातून दुसऱ्या पट्टात जातात, वरचढ असते, आणि ती टकरींबरोबर वाढते. काम्बेर्स्कीने १९७६ मध्ये दोन्ही प्रक्रिया एका सूत्रात आणल्या, आणि २००७ मध्ये गिलमोर, इड्झर्डा आणि स्टाइल्स यांनी लोखंड, कोबाल्ट व निकेल यांच्यासाठी त्या सूत्रावरून गणित केले तेव्हा मापनांतील चढउतारांचा आकार त्यात उतरला.

येथे जुन्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती येते. लोखंड, कोबाल्ट आणि निकेल यांना चुंबक बनवतात ते इलेक्ट्रॉन, आणि त्यांच्या चुंबकनाची गती खाऊन टाकतात तेही तेच इलेक्ट्रॉन. क्षय हा कोणी परका घुसखोर नाही. पदार्थाच्या स्वभावातच त्याची सनद लिहिलेली आहे. वैराग्यपर वाङ्मयात क्षयाला सामान्यतः शत्रू किंवा शासन अशी जी भूमिका मिळते, ती या उदाहरणाला लावता येत नाही. प्रदक्षिणेला क्षय नसता तर चुंबकन क्षेत्राच्या दिशेला कधी पोहोचलेच नसते. आचार्यांनी ज्या उपरमाविषयी विचारले, तो येथे सान्निध्याने मिळत नाही, क्षयाने मिळतो.

उरलेले अर्धे उत्तर अधिक अवघड आहे. क्षय झाला म्हणजे नेमके काय झाले? सांख्य म्हणेल, काहीच नष्ट झाले नाही. कार्य कारणात सत् असते, उत्पत्ती म्हणजे आविर्भाव आणि नाश म्हणजे तिरोभाव. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकलेल्या आधुनिकाला हे तात्काळ पटते, आणि मला वाटते, जरा अवाजवी लवकर पटते. नैयायिक त्याला अडवील: घट फुटल्यावर कपाले उरतात हे खरे, पण घटाचा प्रध्वंसाभावही उत्पन्न होतो, आणि त्या अभावाला आरंभ असला तरी अंत नसतो; तीच कपाले जोडून दुसरा घट केला तरी तो दुसराच. प्रदक्षिणा विरली, तिची ऊर्जा जालकाच्या थरथरीत आहे, पण ती प्रदक्षिणा आता आहे काय?

या वादाला केवळ शब्दच्छल म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण प्रयोगशाळेत त्याची कसोटी लागलेली आहे. १९५० मध्ये एर्विन हान याने अणुगर्भांच्या स्पिनांवर एक प्रयोग केला. पहिला स्पंद दिला की असंख्य स्पिन एकत्र फिरू लागतात. प्रत्येकाच्या जागी क्षेत्र थोडे निराळे, म्हणून कोणी पुढे जातो, कोणी मागे राहतो, आणि एकत्रित संकेत विरून जातो. बाहेरून पाहणारा म्हणेल, क्षय झाला. हानने ठरावीक काळानंतर दुसरा स्पंद देऊन जणू सर्वांचे तोंड फिरवले. पुढे गेलेले मागे पडले, मागचे पुढे आले, आणि तेवढाच काळ लोटल्यावर विरलेला संकेत प्रतिध्वनीसारखा पुन्हा उठला. तो नाश नव्हता. तो तिरोभावच होता, आणि सांख्य येथे अक्षरशः बरोबर ठरतो. परंतु पहिल्या व दुसऱ्या स्पंदांमधील अंतर वाढवत नेले की प्रतिध्वनी क्षीण होत जातो आणि अखेर उठतच नाही. जे परत बोलावता आले ते विखुरले होते. जे कोणत्याही स्पंदाने परत येत नाही ते गेले. तेव्हा ‘क्षय हा केवळ पाहणाऱ्याचे अज्ञान आहे’ असे जे एक सोपे मायावादी उत्तर सुचते, ते मला मान्य होत नाही. अज्ञान दोन्ही प्रसंगी सारखेच आहे. परत येणे मात्र एकाच प्रसंगी घडते, आणि तो भेद वस्तूचा आहे, आपला नव्हे. धातूच्या चुंबकात ताल फुटून आखूड लहरींमध्ये वाटली गेलेली ऊर्जा पहिल्या प्रकाराच्या जवळची, आणि फर्मी पृष्ठाच्या मागेपणातून जालकात उतरलेली ऊर्जा दुसऱ्या प्रकाराची. सांख्य आणि नैयायिक एकमेकांशी भांडतात ते बहुधा दोघांनी निरनिराळे विषय हाती घेतल्यामुळे: एक ऊर्जेविषयी बोलतो, दुसरा त्या विशिष्ट गतीविषयी.

मात्र ‘वस्तूचा भेद’ म्हणताना वस्तूची हद्द कोठे आखावी, याविषयी चुंबक आपल्याला सावध करतो. पर्मॅलॉयच्या काही नॅनोमीटर जाडीच्या थराला प्लॅटिनमचा थर चिकटवला, तर प्लॅटिनम स्वतः चुंबक नसूनही पर्मॅलॉयचे अवमंदन लक्षणीय वाढते. तांब्याचा पातळ थर चिकटवला तर ते जवळजवळ तसेच राहते. मिझुकामी व त्याच्या सहकाऱ्यांच्या २००१ मधील मापनांनंतर त्सेर्कोव्न्याक, ब्राताआस आणि बाऊअर यांनी २००२ मध्ये याची उपपत्ती लावली: फिरणारे चुंबकन आपला कोनीय संवेग सीमेपलीकडच्या धातूत उपसून टाकते, आणि प्लॅटिनम तो पचवते, तांबे तो बव्हंशी परत करते. तेव्हा आल्फा हा या एका थराचा गुण की थर आणि शेजारी या दोघांचा? वैशेषिकांनी गुण द्रव्यात समवाय संबंधाने राहतो असे मानले. येथे गुणाचा पत्ता एकट्या द्रव्यावर लिहिता येत नाही.

आणि ज्या दाराने ऊर्जा बाहेर जाते ते दार बंद करून घेता येत नाही, कारण त्याच दाराने काहीतरी आतही येत असते. आइनस्टाइनने १९०५ मध्ये तरंगणाऱ्या कणांच्या बाबतीत, कॅलन व वेल्टन यांनी १९५१ मध्ये सामान्य रूपात, आणि विल्यम फुलर ब्राउन याने १९६३ मध्ये खास लहान चुंबकीय कणांसाठी दाखवले की, जेथे घर्षण आहे तेथे त्याच्या प्रमाणात उष्णतेचे यादृच्छिक धक्केही आहेत. जालक ऊर्जा घेते त्याच वाटेने ते चुंबकनाला सतत किंचित हेलकावे देते. कण पुरेसा लहान असेल तर असा एखादा हेलकावा त्याचे चुंबकन उलट दिशेला टाकून देतो, आणि त्यावर साठवलेली नोंद पुसली जाते; संगणकाच्या स्मृतीसाठी चुंबकीय कण किती लहान करावेत याला जी मर्यादा आहे, तिचे मूळ या हेलकाव्यांत आहे. गेलेले परत येते, पण ओळखता येईल अशा रूपात येत नाही.

मग क्षय मुळीच नसलेली गती धातूच्या चुंबकात संभवते काय? जॉन स्लोन्चेव्स्की आणि लुक बर्जर यांनी १९९६ मध्ये स्वतंत्रपणे सुचवले की एकाच दिशेच्या स्पिनांचा विद्युत्प्रवाह थरातून सोडला तर तो अवमंदनाच्या नेमका उलट दिशेने काम करू शकेल. २००३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील प्रयोगात कोबाल्टच्या काही नॅनोमीटर जाडीच्या थरात तसे प्रत्यक्ष घडवले गेले: प्रवाह एका मर्यादेपलीकडे नेला की परांचन विरण्याऐवजी चालूच राहिले आणि त्यातून सूक्ष्मलहरींचा संकेत मिळत राहिला. आपल्या शास्त्रकारांनी नित्यतेचे दोन प्रकार मानले आहेत, एक कूटस्थ, जीत काहीच बदलत नाही, आणि दुसरी प्रवाहाची, जीत प्रत्येक क्षणी काही जाते आणि तेवढेच येते. गार्नेटच्या स्फटिकात चालणारी प्रदक्षिणा पहिलीच्या जवळ जाण्याचा प्रयत्न करते आणि तरीही काही हजार फेऱ्यांत मावळते. कोबाल्टमधील प्रदक्षिणा दुसऱ्या प्रकारची. प्रवाह आहे तोवर ती चालते, तिचा क्षय एक क्षणभरही थांबलेला नसतो, केवळ प्रत्येक क्षणी भरून दिला जातो. तिच्या संकेताची रेषा वर्णपटात कधी पूर्ण तीक्ष्ण होत नाही, ब्राउनच्या हेलकाव्यांनी ती थोडी रुंदावलेलीच राहते; आणि प्रयोग करणारा त्या रुंदीवरूनच धातू किती तापला आहे याचा अंदाज बांधू लागतो.